पाथरीचे कुळकर्णी

परभणी जिल्ह्यांत, गोदावरीच्या उत्तरेस, पाथरी हें तालुक्याचें गांव आहे. या गांवच्या वतनापायीं सोळाव्या शतकांत दोन सुलतान एकमेकांशीं लढले, असें सांगितलें तर श्रोत्यांना ती थट्टा वाटेल. पण फेरिश्त्यानें हा प्रसंग गंभीरपणें लिहून ठेविला आहे. आणि विजापुरास जाण्यापूर्वीं हा इतिहासकार निजामशाहीच्याच पदरीं होता.

त्याच्या म्हणण्याप्रमाणें अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण. कांहीं कारणानें गांव सोडून ते विजयनगरच्या राज्यांत गेले. तेथें भैरव ऊर्फ बहिरू याला तिमाप्पा नांवाचा मुलगा झाला. अहमदशहा बहामनीच्या (१४२२ ते १४३६) फौजेनें स्वारींत या मुलाला धरून आणिलें, बाटविलें आणि त्याचें नांव मलिक हसन ठेविलें. शहाजाद्याबरोबर तो फारसी शिकला. सोबत्याच्या बापाचें नांव शहाजाद्याच्या जिभेवर बसेना, म्हणून 'बहिरू'चें 'बहरी' झालें. कोणी या शब्दाचा संबंध ससाण्याशीं लावितात. आपल्या मराठींत बहिरी ससाणाही आहे आणि खेडोपाडीं बहिरोबाही आहे. तेव्हां या उपनांवांत पक्षी पाहावा कीं देव, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

मलिक हसन पुढें फार चढला. महमूद गावानचा १४८१ मध्यें ज्या कटानें बळी घेतला, त्यांत त्याचा हात होता. १४८६ मध्यें बेदरास तोही मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद यानें १४९० मध्यें स्वतंत्र राज्य उभारिलें.

राज्य झाल्याचें कळतांच विजयनगराकडचे ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरास आले. त्यांनीं मागितलें काय? पाथरीचें जुनें वतन! अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा तेव्हां गादीवर होता. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहींत. म्हणून बुऱ्हाणानें अल्लाउद्दीन इमादशहास लिहिलें कीं, पाथरी द्या आणि मोबदला दुसरा परगणा घ्या. इमादशहानें नकार देऊन पाथरीचा कोट बळकट करण्यास आरंभ केला. गंमत अशी कीं, इमादशाहीचा संस्थापकही विजयनगरच्या मुलखांतून धरून आणिलेला ब्राह्मणाचाच मुलगा! १५१८ मध्यें वेरूळचीं लेणीं पाहण्याचें निमित्त करून निजामशाही फौज निघाली आणि तिनें अचानक पाथरी घेतली.

अमेरिकेंतील घराणीं आपल्या पूर्वजांचा माग जहाजांच्या याद्यांवरून आणि चर्चमधील नोंदींवरून काढितात. आपल्याकडे ती साक्ष वतनाचा तंटा देतो. सय्यद अली तबातबा या दुसऱ्या इतिहासकारानें मलिक अहमदास बहामनी सुलतानाचाच पुत्र ठरविलें आहे. राजवंशास सोन्याचा मुलामा देणें हा दरबारी लेखकांचा धर्मच. त्यांत नवल नाहीं. परंतु बहामनी रक्ताचा मनुष्य पाथरीच्या कुळकर्ण्यांसाठीं शेजाऱ्याशीं वैर कां पत्करील? मला तरी फेरिश्ताच खरा वाटतो.

कांहीं वर्षांनीं इमादशहानें पाथरी परत घेतली. १५२७ मध्यें बुऱ्हाणानें ती पुन्हा जिंकिली, कोट जमीनदोस्त केला, आणि परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस इनाम दिला. अकबराच्या कारकीर्दीपर्यंत तो त्यांच्याकडेच चालला.