फितरत, पोट आणि सरकारी नोंदवही

अमेरिकन लेखिका व्हेरोनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ ही कादंबरी 2011 मध्ये आली आणि 2014 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. भविष्यातल्या शिकागो शहराची ही कथा. तिथे माणसं स्वभावानुसार पाच गटांत वाटलेली आहेत: निःस्वार्थी, शांतताप्रिय, सत्यवादी, शूर आणि ज्ञानी. सोळाव्या वर्षी प्रत्येकाची चाचणी होते, मग त्याने आपला गट निवडायचा आणि आयुष्यभर तिथेच राहायचं. ज्याला कुठेच जागा मिळत नाही, तो रस्त्यावर. आणि जो एका गटात मावत नाही, तो सरकारला धोकादायक वाटतो.

असे चित्रपट आता मोबाइलमुळे आमच्या कळंबपर्यंत पोहोचले आहेत. आठवी-नववीची मुलं ते पाहतात आणि ‘सर, असं खरंच होऊ शकतं का?’ असं विचारतात. प्रश्न चांगला आहे आणि जुनाही आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये माणसांच्या घडणीत सोनं, चांदी आणि लोखंड मिसळलेलं असतं, अशी गोष्ट रचली होती. आल्डस हक्सलेने 1932 च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये बाटलीत वाढवलेली माणसं अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पाच थरांत लावली. पण मुलांना उत्तर द्यायला मला शिकागोला जावं लागत नाही. माणसांची स्वभावानुसार वर्गवारी करणारा कायदा आपल्या देशात एक्क्याऐंशी वर्षं होता. त्याच्या खुणा सोलापुरात आहेत, बारामतीत आहेत आणि आपल्या रोजच्या मराठीतही आहेत.

1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: हिंदुस्थानात धंदा जातीने ठरतो. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तसाच काही जमातींचा पिढीजात धंदा गुन्हा हाच आहे आणि त्यांची वंशवेल संपेपर्यंत तो चालू राहणार. हा कायदा सुरुवातीला उत्तरेत लागू झाला. 1911 च्या नव्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आणता आला. 1924 मध्ये सगळ्या तरतुदी एकत्र करून तो पुन्हा मांडला गेला.

कादंबरीतल्या चाचणीपेक्षा हा कायदा एका बाबतीत पुढे होता. इथे चाचणीच नव्हती. सरकारने राजपत्रात जमातीचं नाव छापलं की त्या जमातीत जन्मलेलं मूलही त्यात आलं. त्याने काय केलं, हा प्रश्नच नव्हता. या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय कायद्यानेच बंद केली होती. नोंदवहीत नाव चढलं की बोटांचे ठसे घेतले जात. मग ठरलेल्या वेळी पोलिसांकडे किंवा पाटलाकडे हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर पास हवा. पासाशिवाय लेकीच्या गावी गेलेला बापही गुन्हेगार ठरे. आईवडिलांपासून मुलं वेगळी काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारने घेतला होता. फितरत रक्तातून येते असं एकदा मानलं, की मूल आईपासून तोडणं हाच इलाज वाटू लागतो.

सोलापूर म्हटलं की आपल्याला 1931 साली फासावर गेलेले अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि त्यांचे तीन साथीदार आठवतात. त्याच सोलापुरात तारेच्या कुंपणाआड हजारो माणसांची एक वस्ती होती. तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, टकारी अशा जमातींची कुटुंबं तिथे आणून ठेवली होती. दिवसा मोठी माणसं गिरणीत कामाला जात, संध्याकाळी आत येऊन हजेरी देत. सरकारला बंदोबस्त मिळाला आणि गिरण्यांना काम सोडून जाऊ न शकणारे मजूर मिळाले. बारामती, विजापूर, गदग, हुबळी इथेही अशा वसाहती होत्या. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही टिकून आहे.

या यादीत मुसलमानही होते, हे आपल्या घरांत फारसं बोललं जात नाही. छप्परबंद ही दख्खनमधली मुस्लिम जमात. त्यांचे पूर्वज मुघल फौजेसाठी गवताची छपरं शाकारत, म्हणून हे नाव पडलं असं सांगितलं जातं. फौजा गेल्या, तंबू-छपरं गेली, काम गेलं. इंग्रजांच्या दप्तरात मात्र ही जमात ‘खोटी नाणी पाडणारे’ एवढ्याच ओळखीने शिरली. काहींनी तसं केलंही असेल. पण ज्याने कधी साचा हातात धरला नाही, त्याचं आणि पाळण्यातल्या मुलाचं नावही त्याच यादीत आलं.

वर्गवारी करणारं सरकार फक्त चोर ठरवत नव्हतं, शूरही ठरवत होतं. 1857 च्या उठावानंतर लष्करभरतीसाठी ‘लढवय्या जमाती’ हे सूत्र हळूहळू पक्कं होत गेलं. शीख, गुरखा, पठाण, पंजाबी मुसलमान हे शूर, बाकीचे कमी प्रतीचे. पुणे जिल्ह्यातल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं खुद्द इंग्रजांनी कोरली. त्याच महारांची भरती 1890 च्या दशकात बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाला माणसं कमी पडू लागल्यावर. त्यांचं शौर्य मधल्या पन्नास वर्षांत कुठे गेलं होतं? ते कुठेच गेलं नव्हतं. बदलली होती ती सरकारची गरज.

आता आपल्या जिल्ह्यातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. 12 मे 1875 रोजी सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला, वह्या आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने काय केलं? धरपकड केलीच, पण चौकशी आयोगही नेमला. शेतसारा, कर्ज, कापसाचे पडलेले भाव अशी कारणं तपासली गेली आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. कुणबी जन्मजात दंगलखोर आहे, असं कुणी म्हटलं नाही. त्याच्या रागाला कारण आहे, हे मान्य झालं.

त्याच सुमारास आमच्या आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरांकडच्या जांभोरीचे होनाजी केंगले हे महादेव कोळी तरुण सावकारांविरुद्ध उठले. 1876 मध्ये ते पकडले गेले. राग तोच, सावकार तसेच, कर्जाच्या वह्याही तशाच. पण डोंगरातल्या माणसाची नोंद दरोडेखोर म्हणून झाली. एकाच्या कृत्यामागे कारण शोधलं गेलं आणि दुसऱ्याच्या कृत्यामागे स्वभाव. मला वाटतं, या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. ज्याला आपण आपला मानतो, त्याच्या चुकीला आपण परिस्थिती शोधतो. ज्याला परका मानतो, त्याच्या चुकीला आपण रक्त शोधतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे एका शब्दाकडे लक्ष वेधावंसं वाटतं. ‘बदमाश’ हा शब्द आपण स्वभाव सांगायला वापरतो. तो फारसीतून आला. बद म्हणजे वाईट आणि मआश म्हणजे उपजीविका, रोजी. ज्याचं पोट भरण्याचं साधन वाईट, तो बदमआश. मूळ शब्दात माणसाच्या आत्म्याबद्दल काहीच नाही, त्याच्या भाकरीबद्दल आहे. भाकरीवरचा हा शब्द स्वभावावर जाऊन बसला. नेमकं हेच कायद्यानेही केलं. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य देशभर वाहत. रेल्वे आली आणि तो धंदा मोडला. पारध्यांची शिकार जंगल कायद्यांनी चोरी ठरवली. रामोशी तर गावाचे राखणदार, रात्री गस्त घालणारे. त्यांची जुनी वतनं आणि हक्क गेले, तेव्हा उमाजी नाईक उठले आणि 1832 मध्ये पुण्यात फासावर गेले. रोजी कुणी हिरावली हे नोंदवहीत लिहिलं नाही. त्यानंतर माणूस काय करू लागला, तेवढंच लिहिलं आणि तो त्याचा स्वभाव म्हणून लिहिलं.

देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला. हा कायदा देशभर रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी. म्हणून भटके-विमुक्त 31 ऑगस्टला ‘मुक्तिदिन’ पाळतात. ‘विमुक्त’ हा शब्दही तिथूनच आला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत, त्यात छप्परबंद आहेत. पण नोंदवही पूर्ण मिटली नाही. मुंबई राज्यात 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि पोलिसांचा जुना संशय नव्या नावाने चालू राहिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतही या जमातींचा उल्लेख होताच. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगातली जातीवर आधारलेली कामवाटणी रद्द केली आणि विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवलं. म्हणजे कायदा गेल्यावर बहात्तर वर्षांनी.

न्यायालय नियमावलीतला शब्द खोडू शकतं. आपल्या तोंडातला कोण खोडणार? ‘भामट्याने वृद्धेला गंडा घातला’ हा मथळा आपण आठवड्यातून दोनदा तरी वाचतो. भामटा ही एक जात आहे, तिची मुलं शाळेत येतात आणि वर्तमानपत्रही वाचतात. निर्लज्ज माणसाला आपण ‘बेरड’ म्हणतो. बेरडही त्याच यादीत आहेत. लक्ष्मण गायकवाडांनी आत्मचरित्राला ‘उचल्या’ आणि भीमराव गस्तींनी ‘बेरड’ हे नाव दिलं, ते हा शिक्का वाचणाऱ्यासमोर ठेवण्यासाठीच, असं मी समजतो.

मुस्लिम वाचकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. एखाद्या शहरात काही घडलं की नाव विचारून भाड्याने घर नाकारलं जातं, हा अनुभव आपल्याला आहे. एकाच्या कृत्याचा जाब साऱ्या कौमला का, असा प्रश्न आपण करतो आणि तो योग्यच आहे. मग गावाबाहेर पाल ठोकलेल्या पारध्याबद्दल आपलं मत काय असतं? सोयरीक जुळवताना ‘कौनसी बिरादरी?’ विचारून छप्परबंद, फकीर, मदारी या नावांवर आपल्या घरात कुजबुज का होते? सूरह हुजुरातमध्ये शक आणि बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे, ती आपण जुम्याला ऐकतो. ती ताकीद फक्त दुसऱ्यांनी आपल्यावर घेतलेल्या संशयापुरती नाही.

कादंबरीतल्या समाजात निदान एक मुलगी उठून म्हणते की मी एका खान्यात मावत नाही. आपल्याकडे असं म्हणायला फार मोठं बंड लागत नाही. शेतातली मोटार चोरीला गेली, तर पहिलं बोट पालाकडे जाण्याआधी ‘कशावरून?’ एवढं विचारणारा एक माणूस चावडीवर असला तरी पुरे. आणि शिक्षकांच्या खोलीत एखाद्या पोराबद्दल ‘यांचं असंच असतं’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्या घरी आज चूल पेटली होती का, हे विचारणारा एक शिक्षक.