जुन्या स्पोर्ट्स वॅगनचे ब्रेक ट्रॅकसाठी तयार करताना: आधी काय बदलायचं, आणि का?

ट्रॅकवरचं माझं तिसरं सेशन. लांब सरळ पट्टा संपत आला, मी नेहमीच्या ठिकाणी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल जवळजवळ जमिनीला टेकलं. गाडीचा वेग काही कमी होईना. भराभर दोन-तीनदा पेडल मारलं तेव्हा थोडा ब्रेक लागला, पण तोवर वळण मागे पडलं होतं आणि मी मातीत होतो. सुदैवाने तिथे भिंत नव्हती.

गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच आठवड्यात मी महागडे ट्रॅक पॅड टाकले होते. मग चुकलं कुठे? याचं उत्तर शोधताना जे शिकलो, ते या लेखात नीट क्रमाने मांडतोय.

उदाहरण म्हणून माझीच गाडी घेऊ: सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स वॅगन. अमेरिकेत ही 2002 च्या मॉडेलपासून आली, 2.0 लिटर टर्बो इंजिन आणि 227 हॉर्सपॉवर. वजन साधारण 1430 किलो. सेकंडहँड बाजारात सेडानपेक्षा स्वस्त मिळते आणि चार जादा टायर मागे आरामात बसतात, म्हणून कॅलिफोर्नियात ट्रॅकवर बऱ्यापैकी दिसते. पण खालची तत्त्वं कुठल्याही जुन्या गाडीला लागू आहेत.

ब्रेकचं खरं काम: उष्णता पचवणं

ब्रेक गाडी थांबवतात असं आपण म्हणतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत ते गतिज ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर करतात. जरा हिशोब करू.

ड्रायव्हरसह गाडी 1500 किलो धरा. वेग ताशी 180 किमी, म्हणजे सेकंदाला 50 मीटर. वळणाआधी तो निम्म्यावर आणायचाय. ½mv² या सूत्राने आधीची ऊर्जा 18.75 लाख ज्यूल, नंतरची 4.69 लाख. फरक सुमारे 14 लाख ज्यूल. घरातला 2000 वॉटचा गिझर जवळपास 12 मिनिटं चालवला तर एवढी ऊर्जा लागते. इथे ती तीनेक सेकंदांत ब्रेकमध्ये ओतली जाते.

यातला साधारण 70 टक्के भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणजे प्रत्येक पुढच्या डिस्कवर 4.9 लाख ज्यूल. डिस्कमध्ये 6 किलो लोखंड आहे असं समजू. मग एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान साधारण 175 अंशांनी वाढतं. हवेचा रोध वगैरे सोडून दिलेला हा ढोबळ हिशोब आहे, पण अंदाज येतो. एका लॅपमध्ये असं चार-पाच वेळा, आणि सेशन 20 मिनिटांचं. दोन ब्रेकिंगच्या मध्ये डिस्कला थंड व्हायला वेळ मिळाला नाही, तर आकडा चढतच जातो.

घाट उतरताना ट्रकच्या चाकांतून येणारा जळका वास आठवतोय? हे तेच आहे, फक्त जास्त घाईत.

फेड दोन प्रकारचा असतो, आणि पाय ते ओळखू शकतो

1. पेडल कडक, पण गाडी थांबत नाही. पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेला आणि घर्षण कमी झालं. उपाय: पॅड.

2. पेडल मऊ, स्पंजासारखं, किंवा सरळ खाली जातं. ब्रेक ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. उपाय: ऑइल.

माझा प्रकार दुसरा होता. ट्रॅक पॅड जास्त तापमान सहन करतात, म्हणून मी जास्त जोरात आणि जास्त वेळा ब्रेक मारू शकलो. ती सगळी उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत गेली, आणि ऑइल किती जुनं होतं हे मी गाडी घेताना विचारलंही नव्हतं. नवे पॅड आणि जुनं ऑइल ही जोडी दोन्ही जुन्यांपेक्षा धोकादायक ठरू शकते.

पायरी 0: आधी जे आहे ते दुरुस्त करा

वीस वर्षं जुन्या गाडीत अपग्रेडच्या आधी तपासणी. हे कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त फायदा इथेच मिळतो.

- स्लाइड पिन: 2002 ते 2005 च्या डब्ल्यूआरएक्सला पुढे सरकते कॅलिपर आहेत. पिस्टन एकाच बाजूला असतात आणि कॅलिपर पिनांवर सरकून दुसरा पॅड दाबतो. पिन गंजून अडकली की एक पॅड पूर्ण झिजतो, दुसरा तसाच राहतो. पिन काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा.
- रबरी होज: जुनं रबर दाबाखाली फुगतं आणि चिरा पडतात. शंका असेल तर बदलाच. स्टीलची जाळी असलेले होज घेतले तर पेडल थोडं कडक वाटेल, पण गाडी कमी अंतरात थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका.
- डिस्कची जाडी: मूळ डिस्क 294 मिमी व्यासाची, 24 मिमी जाडीची. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. झिजलेल्या डिस्कमध्ये लोखंड कमी, म्हणजे उष्णता साठवायला जागा कमी.
- व्हील बेअरिंग: चाक हललं तर डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल लांब जातं. लोक यासाठी उगाच मास्टर सिलिंडर बदलत बसतात.

पायरी 1: ब्रेक ऑइल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी वाढलं की उत्कलनबिंदू उतरतो. म्हणून डब्यावर दोन आकडे असतात: कोरडा, आणि 3.7 टक्के पाणी मुरल्यावरचा ओला. अमेरिकन मानकाप्रमाणे किमान आकडे असे:

- डॉट 3: कोरडा 205, ओला 140 अंश सेल्सिअस
- डॉट 4: कोरडा 230, ओला 155
- डॉट 5.1: कोरडा 260, ओला 180

रेसिंगची ऑइल याच्या बरीच वर जातात. मोटुल आरबीएफ 600 चा कोरडा आकडा 312 आणि ओला 205, तर कॅस्ट्रॉल एसआरएफचा 320 आणि 270. म्हणजे कुणाच्या गाडीत चार वर्षांचं डॉट 3 असेल, तर ते साधारण 140 अंशांनाच उकळू शकतं!

डॉट 5 आणि डॉट 5.1 यांत गोंधळ नको. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्या ऑइलमध्ये मिसळायचं नाही आणि एबीएसच्या गाडीत वापरायचं नाही.

एअर काढताना चाकांचा क्रम सर्व्हिस मॅन्युअलमधलाच पाळा. "सगळ्यात लांबचं चाक आधी" हा नियम प्रत्येक गाडीला लागू नसतो.

पायरी 2: पॅड

ऑइल बदललं, आता पॅड. पॅड निवडताना सोमवारी हीच गाडी ऑफिसला न्यायची आहे का, हा प्रश्न आधी विचारा. शुद्ध रेस पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. सकाळी पहिल्याच सिग्नलला, समोर कुणी रस्ता ओलांडत असताना, हे कळणं परवडणारं नाही. मी दोन संच ठेवतो आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदलतो. पुढचे पॅड बदलायला अर्धा-पाऊण तास लागतो.

नवे पॅड टाकले की ते बसवावे लागतात. मोकळ्या, बंद जागेत ताशी 100 वरून 30 वर, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा. मग ब्रेक न दाबता गाडी फिरवत थंड करा. पॅडच्या साहित्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसणं हा यामागचा हेतू. कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

पायरी 3: हवा

डिस्क आतून पोकळ, पंख्यासारखी असते. ती मधल्या भागातून हवा ओढते आणि कडेने फेकते. म्हणून पुढच्या बंपरमधून 3 इंची पाइप आणून हवा डिस्कच्या मध्याकडे सोडायची, नुसती पृष्ठभागावर नाही. एकाच बाजूने थंड केली तर डिस्क असमान तापते आणि चिरा पडायची शक्यता वाढते. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप टायरला घासत नाही ना, ते बघा.

पायरी 4: मोठे कॅलिपर, खरंच हवेत का?

आता सगळ्यांचा आवडता विषय. केटीएम ड्यूकवरचं बायब्रे नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ते ब्रेम्बोचंच भावंड. सुबारूत मोठ्या भावाचे सोनेरी कॅलिपर एसटीआय मॉडेलवर यायचे: पुढे चार पिस्टन, 326 मिमी व्यासाची आणि 30 मिमी जाडीची डिस्क. मधला पर्याय म्हणजे 2006-07 च्या डब्ल्यूआरएक्सचे चार पिस्टनचे कॅलिपर. ते आहे त्या 294 मिमी डिस्कवरच बसतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. जोरात ब्रेक मारल्यावर तुमचा एबीएस लागत असेल, तर ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे, संपली आहे ती टायरची पकड. मोठ्या ब्रेकने एकदा थांबायचं अंतर कमी होत नाही. ते पंधराव्या लॅपलाही पहिल्या लॅपसारखं राहावं, यासाठी मोठी डिस्क असते.

घेणारच असाल तर हे तपासा:

- पुढे-मागे तोल: फक्त पुढे मोठी डिस्क लावली तर पुढचा टॉर्क व्यासामुळेच सुमारे दहा-बारा टक्के वाढतो. पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागची कमी काम करतात, आणि अंतर उलट वाढू शकतं. जमेल तर मागचेही त्याच संचातले घ्या.
- चाक: एसटीआयच्या ब्रेम्बोला 17 इंची चाकं लागतात. काही चाकांचे स्पोकही कॅलिपरला अडतात.
- बोल्ट पॅटर्न: डब्ल्यूआरएक्सचा 5x100. एसटीआयचा 2005 पासून 5x114.3. त्या डिस्क तशाच बसत नाहीत.
- हँडब्रेक: मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचा छोटा ड्रम असतो. डिस्क बदलताना तो जुळला पाहिजे.
- डावा-उजवा: ब्लीडर निपल वरच्या बाजूलाच हवं. कॅलिपर उलटसुलट लागले तर निपल खाली येतं आणि एअर कितीही काढली तरी निघत नाही.

अंदाजावर नाही, मोजमापावर निर्णय

डिस्कच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात. हिरवा 430, केशरी 560 आणि लाल 610 अंशांना बदलतो. माझ्या गाडीत केशरी बदलला, लाल तसाच राहिला. म्हणजे डिस्क 560 ते 610 च्या दरम्यान तापत होती. ही रेंज सहन करणारे पॅड, ताजं ऑइल आणि हवेचा पाइप, एवढ्यावर माझं काम भागलं. सोनेरी कॅलिपर अजून घेतलेले नाहीत.

ट्रॅकच्या दिवशी

सकाळी ब्लीडर, होजचे जोड आणि पॅडची जाडी बघा. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता चालवा. पार्किंगमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा. आणि पेडल जरा जरी लांब गेल्यासारखं वाटलं, तर "अजून एक लॅप" म्हणू नका, गाडी आत घ्या. मी त्या दिवशी तो एक लॅप जास्त मारला होता. मागच्या लॅपलाच पेडलने मला सांगितलं होतं.