गोचीड, खूर आणि कुंपण

सिंधुदुर्गातून माकडतापाची बातमी आली की संशयाची सुई रानाकडे वळते. चेन्नईत गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात, जेमतेम २.७ चौरस किलोमीटरांत, चितळ आणि काळवीट शहराला खेटून चरतात. तेथे राहणाऱ्याला हा प्रश्न परका वाटत नाही. रानातल्या खुरांवरचा गोचीड आपला शत्रू आहे काय? इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

१८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी अमेरिकेतील गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडांमार्फत पसरतो, हे सिद्ध केले. दक्षिणेकडील गुरे स्वतः धडधाकट दिसत. ती उत्तरेला हाकली गेली की तेथील गुरे मरत. रोग गुरांच्या पावलांनी चालत होता.

आफ्रिकेत हेच अधिक भीषण रूपात घडले. तेथील रानम्हशींच्या रक्तात ‘थायलेरिया’ हा परजीवी बहुधा निरुपद्रवीपणे नांदतो. तपकिरी गोचीड तो पाळीव गुरांपर्यंत पोहोचवतो आणि गुरे दगावतात. १९०१-०२च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुरांबरोबर हा ‘ईस्ट कोस्ट ताप’ दक्षिणेत उतरला. रानम्हशी होत्या तेथेच होत्या. प्रवास केला तो गुरांनी, माणसाच्या इच्छेने. उपाय म्हणून गुरांना सोमलाच्या पाण्यात बुडवणे सुरू झाले. त्या विषाने आणि रानातील मोठ्या प्राण्यांच्या संहाराने, त्यांच्या अंगावरील गोचीड टिपणारा पिवळ्या चोचीचा ‘ऑक्सपेकर’ पक्षी दक्षिण आफ्रिकेतून अनेक दशके नाहीसा झाला.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. प्रथम शंका पीतज्वराची आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने नवाच विषाणू शोधून काढला. वाहक होता गोचीड. पुढे खोर्खे बोशेल यांनी मांडले की जंगल तोडून वस्ती आणि चराई आत शिरल्याने गोचिडांना नवे, विपुल यजमान मिळाले. प्रौढ गोचीड गुरांच्या रक्तावर पोसले जातात, एकेक मादी हजारो अंडी घालते. गुरे मात्र आजारी पडत नाहीत. माकड तर या रोगाचा बळी. तरी नाव पडले ‘माकडताप’! २०१६ साली तो दोडामार्ग तालुक्यात पसरला, तेव्हा हेच नाव मराठी वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले.

नावे अशी आरोप करतात, आणि आरोपातून धोरणे जन्मतात. मेलेले माकड हा आरोपी नव्हे, पहिला इशारा असतो. त्याची खबर वेळेत पोहोचली तर माणसे वाचू शकतात. चितळाच्या कानावर गोचीड असणे म्हणजे रोग असणे नव्हे. म्हणून पुढच्या बातमीच्या वेळी कोणता प्राणी दोषी, एवढेच विचारून थांबू नये. कुंपण कोणी हलवले, आणि खुरे कोणी कोठे नेली, हेही विचारावे.