१०९ तास आणि त्यानंतरचे वीस दिवस

१९४८ साली परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोलीही तेव्हा याच जिल्ह्यात. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या लुटीला आणि जाळपोळीला भिऊन कितीतरी घरं वऱ्हाडाच्या हद्दीत निघून गेली होती. मराठवाड्याच्या मुक्तीचा हिशेब तासांत मांडलेला आहे. तिच्या पाठोपाठ आलेल्या संहाराचा तसा मांडलेला नाही.

सोमवार, १३ सप्टेंबर, पहाटे ४
भारतीय फौज सोलापूरकडून संस्थानात शिरते. नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरींचं. पहिली चकमक नळदुर्गला.

दुपारी ३.१५
उमरगा. रणगाड्यांपुढे रझाकार टिकत नाहीत. फौज सडकेने पुढे जाते. मागच्या खेड्यांत जुना अंमल उठलेला असतो, नवा अजून बसलेला नसतो.

बुधवार, १५ सप्टेंबर
परभणीच्या पश्चिमेचं जालना पडतं.

शुक्रवार, १७ सप्टेंबर, सायंकाळी ५
संस्थानचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिलेला आहे. निजाम युद्धबंदी जाहीर करतो. पहिल्या पहाटेपासून १०९ तास झालेले असतात.

शनिवार, १८ सप्टेंबर, दुपारी ४
निजामाच्या फौजेचे प्रमुख जनरल अल इद्रूस चौधरींपुढे शरण येतात. लष्करी घटनाक्रम इथे संपतो.

त्यानंतर
रझाकारांवरचा राग सरसकट मुसलमानांवर निघतो. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. त्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळतात.

२९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर
या संहाराच्या चौकशीसाठी भारत सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती संस्थानात फिरते. सावध अंदाजानेही मेलेल्यांचा आकडा २७ ते ४० हजार निघतो. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत सामील होते, हे समिती लिहिते. सोबत आणखी एक नोंद करते: हिंदू विणकरांनी आपल्या धंद्यातल्या मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवलं आणि त्यात काहींनी स्वतःचा जीव गमावला. पळवून नेलेल्या मुसलमान बायकांना परत आणण्यातही अनेक हिंदूंनी मदत केली.

२०१३
पासष्ट वर्षांनी समितीचा अहवाल दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचकांसाठी खुला होतो.

नाझींच्या काळात युरोपात ज्यूंना घरात लपवणाऱ्या, त्यांचे जीव वाचवणाऱ्या २७ हजारांहून अधिक माणसांची नावं जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकात नोंदलेली आहेत. आपल्या विणकरांच्या वाट्याला अहवालातलं एखादं वाक्य आलं, तेही बिननावाचं. दर १७ सप्टेंबरला मराठवाडा आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतो. रझाकारांशी लढताना पडलेल्यांच्या रांगेत, सोबत्याला वाचवताना मारला गेलेला विणकरही हक्काने उभा राहतो. रझाकारांनी जो शेजारधर्म मोडला, तोच त्याने प्राण देऊन पाळला.