फणी न फिरलेला शब्द

डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या सरावलीत सकाळच्या उन्हात ओटीवर बसलेली एक आजी नातीला हाक मारते, ‘ये गं झिपरे, बस इथं.’ नात पाठमोरी बसते. तळहातावर खोबरेल चोळून आजी आधी बोटांनीच गुंता सोडवते, मग फणी घेते. ते पाहताना इंग्रजीतला ‘अनकेम्प्ट’ मला नीट उमगला.

गबाळा, अस्ताव्यस्त असा त्याचा अर्थ सांगून आपण मोकळे होतो. मुळात तो आहे ‘न विंचरलेला’. जुन्या इंग्रजीत विंचरण्याला ‘केम्बन’ म्हणत. हे क्रियापद फणीच्या नावावरून, म्हणजे आजच्या ‘कोम’च्या जुन्या रूपावरून घडलेलं. पुढे विंचरण्यालाही ‘कोम’च म्हणू लागले आणि जुनं क्रियापद मागे पडलं, नकार जोडलेलं रूप तेवढं तगलं. 1579 साली कवी एडमंड स्पेन्सरने ‘द शेपर्ड्स कॅलेंडर’मध्ये ते ओबडधोबड कवितेला लावलं. आज ते निगा न राखलेल्या बागेलाही लागतं.

‘कोम’च्या प्राचीन धातूचा अर्थ दात. संस्कृतातला ‘जम्भ’ म्हणजे दात, तो याचाच भाऊबंद. आपल्याही फणीला दातच असतात. ‘विस्कटलेला’ या अर्थाच्या इंग्रजी ‘डिशेव्हल्ड’च्या पोटातही केसांचा जुना फ्रेंच शब्द आहे. आपलं ‘पिंजारलेलं डोकं’ मात्र आलं कापूस पिंजण्यावरून.

‘गबाळा’ म्हटलं की दोष त्या माणसाच्या माथी बसतो. ‘अनकेम्प्ट’ उकलला की दिसतं ते राहून गेलेलं एक काम. एखाद्या पोराचं डोकं पिंजारलेलं दिसलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी विचारायला हवं: याचे केस विंचरायला घरी कोणी आहे ना?

आजीच्या या डहाणू-तलासरी पट्ट्यात वारल्यांच्या लग्नात सवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. काढतात नव्हे, लिहितात. मधोमध पालघट देवी, आणि सूर्य, चंद्र, शिडी यांच्या पंगतीला फणीही. नव्या संसाराच्या भिंतीवर फणीला देवीजवळ जागा मिळते, यातच तिचं मोल आलं.

ओटीवर वेणी घालून होते. फणीत अडकलेले केस आजी बोटाला गुंडाळून काढते. नातीच्या डोक्यावर आता एक केस इकडचा तिकडे नाही. तरी ती उठून पळाली, की मागून हाक तीच येते, ‘अगं झिपरे, हळू!’