नळीदिवा : घरगुती वापराचा इतिहास

काचेच्या लांब नळीत अल्प दाबाखालील पाऱ्याच्या वाफेतून विद्युत् विसर्जन घडवून, त्यातून निघणाऱ्या जंबुपार किरणांचे नळीच्या आतील लेपाच्या साहाय्याने दृश्य प्रकाशात रूपांतर करणाऱ्या दिव्यास नळीदिवा किंवा अनुस्फुरक दिवा म्हणतात. बोलीत त्यास ‘ट्यूबलाइट’ किंवा नुसते ‘ट्यूब’ असे म्हणतात. या दिव्याच्या घरगुती इतिहासात प्रकाशाइतकेच त्याच्या गुणगुणाटालाही स्थान आहे. किंबहुना त्याच्या बऱ्याच सुधारणा आवाज, लुकलुक आणि विजेची नासाडी या तीन तक्रारींतून झालेल्या आहेत.

हाइन्रिख गाइसलर यांनी १८५७ मध्ये जर्मनीत विरल वायूच्या प्रकाशमान नळ्या तयार केल्या. त्याआधी १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी अनुस्फुरणाचे विवेचन केले होते. एदमाँ बेकेरेल यांनी अशा नळ्यांत अनुस्फुरक द्रव्ये घालून प्रयोग केले. तथापि त्यांना व्यावहारिक रूप आले नाही. पीटर कूपर ह्यूइट यांच्या पाऱ्याच्या दिव्याचे अमेरिकन एकस्व १९०१ सालचे आहे. हा दिवा कार्यक्षम होता, परंतु त्याचा प्रकाश हिरवट निळा असल्याने माणसांचे चेहरे प्रेतवत दिसत. घरात असा दिवा कोण लावणार? एटमुंट गेर्मर व त्यांचे सहकारी यांनी जर्मनीत १९२६ मध्ये नळीच्या आत लेप देण्याच्या कल्पनेसह एकस्वासाठी अर्ज केला. पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॉर्ज इनमन यांच्या गटाने हा दिवा बाजारात आणण्याजोगा केला व १९३८ मध्ये त्याची विक्री सुरू झाली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात तो असंख्य लोकांनी प्रथमच पाहिला.

आरंभीच्या या यशाची एक काळी बाजू आहे. सुरुवातीच्या लेपांत बेरिलियमयुक्त जस्त सिलिकेट वापरीत. त्याच्या धुळीमुळे कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसांचा दुर्धर विकार जडला. मॅसॅचूसेट्समधील सेलम येथील उदाहरणे विशेष गाजली. अमेरिकन उत्पादकांनी १९४९ मध्ये या द्रव्याचा वापर सोडला. त्याची जागा घेणारी हॅलोफॉस्फेट द्रव्ये इंग्लंडमध्ये मकेग व रॅन्बी यांनी १९४२ मध्येच शोधलेली होती. घरातील स्वस्त पांढऱ्या उजेडाची किंमत पहिल्यांदा कोणी मोजली, हे दिव्यांच्या लोकप्रिय वर्णनांत सहसा येत नाही.

नळीदिवा विद्युत् पुरवठ्यास सरळ जोडता येत नाही. एकदा विसर्जन सुरू झाले की नळीचा रोध घटतो आणि प्रवाह अनिर्बंध वाढू लागतो. त्यास आवर घालण्यासाठी लोखंडी पत्र्यांच्या थरांवर तांब्याची तार गुंडाळलेले वेटोळे जोडतात, हाच ‘चोक’. सोबतच्या ‘स्टार्टर’मधील द्विधातूची पट्टी प्रथम मंडल पूर्ण करून नळीच्या टोकांची तारवेटोळी तापविते व नंतर ते खंडित करते. त्या क्षणी चोकमध्ये निर्माण होणाऱ्या उच्च दाबाच्या धक्क्याने दिवा पेटतो. संध्याकाळी विजेचा दाब उतरलेला असला की हे काम पुनःपुन्हा फसे आणि नळी नुसती लुकलुकत राही. उशिरा उमज पडणाऱ्या माणसाला ‘ट्यूबलाइट’ म्हणण्याची आणि त्याला कळल्यावर ‘ट्यूब पेटली’ असे म्हणण्याची रीत मराठीत रूढ झाली ती यावरूनच.

गुणगुणाटाचे मूळ नळीत नसून बहुधा चोकमध्ये असते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात चोकचा गाभा दोनदा चुंबकित होतो. चुंबकनामुळे लोखंडाच्या लांबीत अत्यल्प बदल होतो, तसेच पत्र्यांचे थर एकमेकांकडे ओढले जातात. भारतातील ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या पुरवठ्यावर त्यामुळे १०० हर्ट्‌झचा, तर अमेरिकेत ६० हर्ट्‌झवर १२० हर्ट्‌झचा मंद्र स्वर उमटतो. चोक स्वतः फारसा मोठा आवाज करीत नाही. ज्या पत्र्याच्या पट्टीवर तो बसविलेला असतो ती तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे तो स्वर वाढविते. अमेरिकेत चोकांना आवाजानुसार ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी देत आणि ग्रंथालये व ध्वनिक्षेपण कक्ष यांसाठी ‘ए’ श्रेणीचा चोक सुचवीत.

घरगुती उपायही या कारणमीमांसेस धरूनच होते. चोकचे स्क्रू घट्ट करणे, त्याखाली रबराची चकती घालणे किंवा पट्टी पोकळ लाकडी आडभिंतीऐवजी पक्क्या भिंतीवर बसविणे, यांनी आवाज पुष्कळ कमी होतो. गाभ्याचे थरच सैल झाले असतील तर मात्र चोक बदलावा लागतो. प्रत्येक खटपटीपूर्वी मुख्य स्विच बंद करावा, कारण भिंतीवरील बटण पुष्कळदा चुकीच्या तारेवर बसविलेले असते.

खरा उपाय इलेक्ट्रॉनीय चोकने केला. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जाबचतीची निकड वाढली व अमेरिकेत त्याच्या विकासास सरकारी साहाय्य मिळाले. तो नळीस २० किलोहर्ट्‌झहून अधिक कंप्रतेचा प्रवाह पुरवितो. ही कंप्रता मानवी श्रवणमर्यादेपलीकडची असल्याने गुणगुणाट संपतो आणि लुकलुकही डोळ्यांना जाणवत नाही. तांब्याच्या साध्या चोकमध्ये १० ते १५ वॉट वाया जात. म्हणजे ४० वॉटची म्हणून घेतलेली नळी प्रत्यक्षात ५० वॉटहून अधिक वीज खाई. नळ्याही ३८ मिमी. व्यासावरून २६ व पुढे १६ मिमी.पर्यंत बारीक झाल्या.

तथापि या दिव्याला मागे टाकले ते वेगळ्याच क्षेत्रातील शोधाने. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा द्विप्रस्थ तयार केला होता. पांढऱ्या प्रकाशासाठी लागणारा तेजस्वी निळा द्विप्रस्थ मात्र जपानमध्ये आकासाकी, आमानो व नाकामुरा यांच्या प्रयत्नांनी १९९० च्या सुमारास साध्य झाला. त्याबद्दल तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या द्विप्रस्थावर पिवळा अनुस्फुरक लेप देऊन पांढरा प्रकाश मिळवितात. तेव्हा नळी गेली तरी अनुस्फुरण घरातून गेलेले नाही. भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या व पुढे ‘उजाला’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. सरकारी घाऊक खरेदीत अशा दिव्याची किंमत २०१४ मध्ये ३१० रुपये होती, ती २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली.

जुन्या पट्टीत एलईडी नळी बसविताना थोडी सावधगिरी हवी. काही नळ्या जुना चोक तसाच ठेवून व स्टार्टरच्या जागी खास जोडणी घालून चालतात. ही पद्धत सोपी. पण चोक मंडलात राहत असल्याने थोडी वीज वाया जाते व आवाजही राहू शकतो. म्हणजे ज्या तक्रारीसाठी बदल केला तीच शिल्लक राहते. चोक व स्टार्टर दोन्ही काढून सरळ पुरवठ्यावर चालणारी नळी अधिक श्रेयस्कर होय. मात्र तिच्या दोन टोकांपैकी कोणत्या टोकास पुरवठा द्यायचा हे वेष्टनावर पाहूनच तारा जोडाव्यात. दोन्ही टोकांकडून पुरवठा घेणाऱ्या नळीत एक टोक खाचेत असताना दुसऱ्या टोकाच्या पिनांना हात लागल्यास धक्का बसण्याचा संभव असतो. ४ फुटी एलईडी नळी साधारणतः १८ ते २० वॉट घेते व प्रकाश मुख्यतः खालच्या दिशेने टाकते. हलक्या प्रतीच्या नळ्यांत १०० हर्ट्‌झची लुकलुक पुन्हा आढळते, आणि त्यांचे मंडल द्विप्रस्थांच्या कितीतरी आधी निकामी होते.

पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारानुसार (२०१३) सामान्य प्रकाशयोजनेच्या अनुस्फुरक नळ्यांची निर्मिती व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबविण्याचे २०२३ मध्ये जिनीव्हा येथे ठरले. भारताने या करारास २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले आहे. घराघरांतून उतरविलेल्या नळ्यांमध्ये प्रत्येकी काही मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या जाड नळ्यांत त्याहून बराच अधिक. भारतात २०१६ च्या ई-कचरा नियमांत अशा दिव्यांचा समावेश केलेला होता; त्यामुळे त्या न फोडता अधिकृत संकलन केंद्रात द्याव्यात. नळी फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे, तुकडे जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत बंद करावेत. केरसुणी वा निर्वात झाडणी वापरू नये, कारण त्याने पाऱ्याचे कण हवेत पसरतात.