लिटनीची परंपरा : व्हिटेनबर्गपासून वसईपर्यंत

आमच्या दिवा स्थानकावरून एक लोहमार्ग वसईकडे जातो. त्याच्या पलीकडील टोकास जीं ख्रिस्ती खेडीं आहेत, तीं २०१४ सालीं जिल्ह्याची विभागणी होऊन पालघर जिल्ह्यांत गेलीं; पण इतिहासाच्या दृष्टीनें ठाणें, साष्टी आणि वसई हा एकच प्रांत होय. या प्रांतांत घरापुढें किंवा गांवठाणाच्या तोंडाशीं दगडी क्रूस उभे दिसतात. सणावाराच्या संध्याकाळीं त्यांच्यापुढें मेणबत्त्या लावून मंडळी जमतात आणि एक जण नामावळी म्हणूं लागतो. प्रत्येक नामानंतर बाकीचे सर्व एकच ठराविक उत्तर देतात. या प्रार्थनेस इंग्रजींत 'लिटनी' म्हणतात. पोर्तुगीज भाषेंत तिचें नांव 'लादाइन्या' असून तोच शब्द थोड्याबहुत फरकानें गोव्यांत व उत्तर कोंकणांत रुळला आहे.

शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ विनवणी असा आहे. ज्यानें शाळेंत पाढे म्हटले आहेत, त्याला या रचनेचें वर्म समजावून सांगावयास नको. एक मुलगा पुढें होऊन म्हणतो, वर्ग मागून म्हणतो. ज्याला येत नाहीं त्यालाही चार दिवसांत येऊं लागतें. लिटनीला पुस्तक लागत नाहीं. अक्षरशत्रू म्हातारीचा त्यांत पुढाऱ्याइतकाच वाटा असतो, कारण उत्तर तिच्याच तोंडीं आहे. विष्णुसहस्रनाम एकट्यानें म्हणतां येतें. लिटनी एकट्यानें म्हटली तर निम्मी होते.

आणि ही प्रार्थना बहुधा संकटांत जन्मास येते. ५९० सालीं रोम शहरांत साथीनें माणसें मरूं लागलीं, तेव्हां ग्रेगरी द ग्रेट यानें नागरिकांचे सात जथे करून त्यांना विनवण्या म्हणत शहरांतून फिरविलें. साथ, दुष्काळ आणि युद्ध यांपासून सोडवणूक मागणें हें तेव्हांपासून लिटनीचें हृदयच होऊन बसलें आहे.

मार्टिन लूथरची गोष्टही अशीच. १५२९ सालीं तुर्कांची स्वारी मध्य युरोपावर येऊं घातली होती. त्याच वर्षाच्या शरदांत त्यांनीं व्हिएन्नाला वेढा घातला. या भयाच्या दिवसांत लूथरनें जुनी लॅटिन लिटनी हातीं घेतली आणि तिचें जर्मन रूप सिद्ध केलें. संतांना उद्देशून केलेल्या विनवण्या त्यानें गाळल्या, कारण प्रार्थना देवाचीच करावी असें त्याचें मत होतें. परंतु बाकीचा सांगाडा त्यानें मोडला नाहीं. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका, तान्हीं मुलें, आजारी, बंदिवान, विधवा व पोरकीं या सर्वांची आठवण त्यांत आहे. गायनाकरितां त्यानें दोन संच योजिले : एकानें विनवणी म्हणावी, दुसऱ्यानें उत्तर द्यावें. एवढा मोठा बंडखोर, पण सवाल-जबाबाच्या या चालीला त्यानें हात लावला नाहीं, याचें मला नेहमीं नवल वाटत आलें आहे. इंग्लंडांत क्रॅन्मरनें १५४४ सालीं इंग्रजी लिटनी रचली, तिच्यांत लूथरच्या लिटनीचा अंश स्पष्ट दिसतो.

पुढें लूथरपंथीयांच्या स्तोत्रसंग्रहांतून ही लिटनी पिढ्यान् पिढ्या छापली गेली. अमेरिकेंतील त्यांच्या १९४१ च्या संग्रहांत देवाला जुनीं इंग्रजी सर्वनामें आहेत. १९७८ च्या संग्रहानें तीं काढून रोजच्या बोलण्यांतलीं घातलीं. शिवाय सायंप्रार्थनेसाठीं पूर्वेकडील ग्रीक परंपरेच्या धर्तीची वेगळी लिटनी त्यांत आली. एका सर्वनामाकरितां केवढा वाद! मराठी माणसाला त्याचें हंसूं येईल, कारण आपण देवाला ज्ञानदेवांच्या आधींपासून 'तूं'च म्हणत आलों आहों.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर लॅटिन उपासना आली. येथें एक विलक्षण गोष्ट लक्षांत ठेवावयाची. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यांत आला व १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत, पण रोमन लिपींत, छापून निघालें. म्हणजे कथा मराठींत ऐकावयाची आणि विनवणी लॅटिनमध्यें करावयाची, अशी वांटणी झाली. ती साडेतीनशें वर्षें टिकली. गोव्याच्या चर्चशाळांतील संगीतशिक्षकांनीं पोरांना स्वरलिपी शिकविली, त्यामुळें तेथील लादाइन्या दोन-तीन आवाजांत व व्हायोलिनच्या साथीवर होऊं लागली. ती संपली म्हणजे उकडलेले चणे आणि फेणी वांटण्याची चाल आहे. धर्मकार्यानंतर प्रसाद नसेल तर कोंकणांतल्या माणसाला चुकल्यासारखें वाटतें, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

१७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली. युरोपीय पाद्री बव्हंशीं निघून गेले व खेड्यांतील ख्रिस्ती प्रजा देशी धर्मगुरूंच्या आधारावर राहिली. राज्य बदललें, क्रूसांपुढील प्रार्थना बदलली नाहीं. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, त्या सुमारास वांद्रें, गिरगांव इत्यादि ठिकाणीं नवे क्रूस उभारले गेले व त्यांच्यापुढें लिटनी होऊं लागली. रोमच्या ५९० सालच्या साथीचें नांवही त्या लोकांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें नसेल; पण उपाय तोच सुचला.

प्रॉटेस्टंट मंडळींची वाट निराळी होती. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, तेव्हांपासून उपासना मराठींतच चालली; पण आरंभीं पुष्कळशीं गीतें भाषांतरित आणि परक्या चालींचीं होतीं. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग, पद व भजन यांचा दरवाजा उघडला. 'उपासना-संगीत' या संग्रहांत त्यांच्या रचना विपुल आहेत. टिळकांना जें साधलें तें नुसत्या भाषांतराला कधींच साधलें नसतें.

कॅथलिकांकडे ही वेळ उशिरां आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेंत लोकभाषेला मोकळीक दिली आणि लॅटिन हळूंहळूं मागें हटली. मराठीचा मीं आयुष्यभर शिक्षक होतों, तेव्हां मला याचा आनंद व्हावा हें उघड आहे, आणि तो आहेही. वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद मिळालें, हें याच बदलाचें फळ समजावें. तरी एक अडचण सांगितली पाहिजे. संतांच्या नामावळींतील लॅटिन उत्तर तीन शब्दांचें आणि पांचच स्वरांचें आहे. 'आमच्यासाठीं विनंती कर' असा अर्थ मराठींत आणतांना स्वर आठापर्यंत जातात. मारियेच्या लोरेटो लिटनींत तें उत्तर पन्नासांहून अधिक वेळां यावयाचें. तेव्हां चाल ओढली जाते व म्हाताऱ्या माणसांचा दम तुटतो. अर्थ कळूं लागला, पण पाठ असलेलें तोंडून सुटलें, अशी एका पिढीची स्थिति झाली. जुनी भाषा राखावी म्हणणाऱ्यांचा कैवार मला घ्यावयाचा नाहीं. परंतु भाषांतर करणारानें आधीं चाल म्हणून पाहावी आणि मग लेखणी उचलावी, असें माझें स्पष्ट मत आहे. जड सामासिक शब्द छापील पानावर शोभतात, क्रूसापुढें अडखळतात.

ही लोरेटो लिटनी १५८७ सालीं पोप सिक्स्टस पांचवे यांनीं मान्य केली, पण ती गोठलेली नाहीं. १८८३ सालीं लिओ तेरावे यांनीं तिच्यांत जपमाळेच्या राणीचें नांव घातलें. महायुद्ध पेटलें असतां १९१७ सालीं शांतीच्या राणीचें नांव आलें. अगदीं अलीकडे, २० जून २०२० रोजीं, पोप फ्रान्सिस यांनीं तीन नांवांची भर घातली. पहिलें दयेची माता, दुसरें आशेची माता आणि तिसरें गांव सोडून निघालेल्यांचा दिलासा. ती तारीख पाहा. त्याच उन्हाळ्यांत टाळेबंदीमुळें काम बुडालेलीं माणसें मुलांना खांद्यावर घेऊन ठाणें-भिवंडीवरून नाशिकच्या रस्त्यानें पायीं चाललीं होतीं. आमच्या दिव्याच्या चाळींतही अशीं बिऱ्हाडें भरपूर.

या तिसऱ्या नांवाला मराठी शब्द कोणता घ्यावा? 'स्थलांतरित' हा कचेरीचा शब्द आहे, 'परप्रांतीय' हा भांडणाचा. मला विचाराल तर मीं 'वाटसरूंचा दिलासा' असें म्हणेन; अर्थ थोडा सैल होतो खरा, परंतु चालींत बसतो आणि म्हातारीलाही एका दमांत म्हणतां येतो.